मदत हवी आहे: काउपुरी की तुकुनाका, वाळलेल्या नमुन्यावरून कसं ओळखावं?

आयावास्का (ॲमेझॉन भागात विधींमध्ये पितात ते भ्रम निर्माण करणारं पेय) ज्या वेलीपासून बनतं, तिचे ब्राझीलमधले सांतो दाइमे आणि उनियाओ दो वेजेताल हे पंथ दोन प्रकार मानतात: पेरांवर फुगीर गाठी असलेली काउपुरी आणि गुळगुळीत खोडाची तुकुनाका. पेरू देशातल्या वैद्यांची सिएलो, नेग्रा ही नावं वेगळीच. जुन्या खोडावर काउपुरी लगेच कळते, पण हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदावर पेन्सिलीएवढी कोवळी फांदी चिकटवलेली असते, तिला गाठी धरलेल्याच नसतात. गुलाबी फूल आणि पंखाचं फळ (आपल्या माधवीलतेचंच कूळ) असलं तर बॅनिस्टेरिऑप्सिस कापी (या वेलीचं शास्त्रीय नाव) ही जात ओळखायला मदत होते, प्रकार नाही.

खोडाच्या आडव्या छेदावरून हे कुणी वेगळे केलेत का? छेद पेरातून घ्यावा की दोन पेरांमधून, किती जाडीचा? रंगवायला सॅफ्रानिन (छेदातल्या पेशी उठून दिसाव्यात म्हणून वापरतात तो लाल रंग) पुरेल? हार्मिनचं (वेलीतल्या अल्कलॉइडचं) प्रमाण कृपया सुचवू नका, ते वेलीगणिक बदलतं.