मदत हवी आहे: शेजारच्या भूखंडावर भाड्याची घरं होणार आहेत, सूचनापत्र कसं लिहू? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. मुदत जवळ आली आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आम्ही राजेंद्रनगरच्या पुढे एका कॉलनीत राहतो, तीस वर्षं झाली. कॉलनीच्या मागे मोठा सरकारी भूखंड रिकामा पडलाय. पावसाळ्यात त्याचं तळं होतं, एरवी नुसतं गाजरगवत. तिथे परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायचा प्रस्ताव आलाय. विकायची नाहीत, फक्त भाड्याने द्यायची. मजूर, कारखान्यातले कामगार, शिकायला आलेली मुलं, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी. हिंदी पेपरात नोटीस आली की सूचना आणि आपत्ती (म्हणजे हरकती) लेखी द्या. बैठकही ठेवली आहे, सकाळी अकराला.

रविवारी रहवासी संघाचे दोघे सह्यांचा कागद घेऊन आले. छापील मजकूर, खाली सत्तावीस सह्या. मी स्वयंपाकघरात होते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई तव्यापाशी उभ्या. संघाचे भाऊ दारातूनच म्हणाले, "वहिनी, सही करा, नाहीतर असल्या लोकांची वस्ती येईल इथे." ताईंनी मान वर केली नाही. फक्त गॅस बारीक केला आणि पोळी उलटायची राहिली, ती करपली. चौदा वर्षांत त्यांच्या हातची करपलेली पोळी मी पहिल्यांदा पाहिली. मी सही केली नाही. वाचून सांगते, एवढंच म्हटलं.

ताईंची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. दहा बाय दहाची, शौचालय पाच बिऱ्हाडांत एक. चार वर्षांत तीनदा खोली बदलली, कारण मालक म्हणेल तेव्हा उठायचं. भाड्याची पावती नाही, करारनामा नाही, त्यामुळे पत्त्याचा पुरावा मागितला की प्रत्येक वेळी अडतं. आमच्याकडे यायला दोन वाहनं बदलतात. ज्यांच्या हातची पोळी आम्ही रोज खातो, त्यांनी आमच्या भिंतीपलीकडे राहू नये असं लिहून द्यायला माझा हात उचलत नाही.

पण आंधळेपणाने "हो" म्हणून मोकळं व्हायचं नाहीये मला. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, ड्रेनेजची लाइन जुनी आहे, जोराचा पाऊस झाला की चेंबर वर येतं. म्हणून वेगळं पत्र द्यायचंय: घरं व्हावीत, पण अशी व्हावीत. असं समर्थनाचं पत्र दफ्तरी धरतात का, की फक्त आपत्तीच मोजतात? त्यात नेमकं काय विचारावं? आणि ताई इथे राहत नाहीत, त्यांच्या नावाने पत्र देता येईल का?

प्रतिसाद १ (वडोदऱ्याहून)

काकू, माझी सगळी नोकरी नगररचनेच्या कामात झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते आधी बघा. शहराच्या विकास आराखड्यात जमिनीचा वापर बदलायचा असेल तर मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम लागतो, त्यातलं कलम २३-क. त्यात सूचना आणि आपत्ती कुठल्याही व्यक्तीकडून मागवतात, घरमालकच हवा असं नाही. तेव्हा ताई स्वतःच्या नावाने खुशाल देऊ शकतात. पत्र हिंदीत लिहा, नोटिशीचा क्रमांक वर घाला, दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक क्रमांक असला की पत्र आलंच नाही असं कुणाला म्हणता येत नाही.

आता काय विचारायचं. २०२० च्या जुलैत केंद्राची परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना आली. त्यात दोन वाटा होत्या. एक, सरकारी पैशातून बांधून रिकामी राहिलेली घरं भाड्याने देणं. आमच्या गुजरातेत सुरतेला अशी ३९३ घरं निघाली. दुसरी, संस्थांनी आपल्या जमिनीवर नवी बांधणं. एका बेडरूमचं घर ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. दोन बेडरूमचं ६० पर्यंत. त्या योजनेत भाडं दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढवता येत होतं, पण ५ वर्षांत एकूण २० टक्क्यांच्या वर नाही. सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सुरू झाली, तिच्या चार भागांतही भाड्याची घरं हा एक भाग आहे. तुमचा प्रस्ताव कशाखाली येतो ते लेखी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिलं भाडं कोण ठरवणार. वाढीला मर्यादा असते, पण सुरुवातच चढी झाली तर ताईंसारख्यांना ती घरं परवडणार नाहीत. त्यानंतर देखभाल: लिफ्ट बंद पडली, टाकी फुटली तर कुणाच्या खिशातून? यावर उत्तर नसेल तर पाच वर्षांत इमारतीची रया जाते आणि मग लोक भाडेकरूंना बोल लावतात.

प्रतिसाद २ (इंदूर)

सह्या करणाऱ्या सगळ्यांचं मन वाईट असतं असं नाही हो. आमच्या भागात आधीच टँकर बोलवावे लागतात. तीनशे बिऱ्हाडं आली तर पाणी कुठून आणणार, हे विचारलं की लगेच आम्ही गरिबांच्या विरोधात ठरतो. हेही पत्रात लिहा.

आणखी एक, लोकांची गल्लत होतेय. कनाडिया एक्स्टेंशनला लाइटहाउस प्रकल्पात (केंद्र सरकारचा, नव्या तंत्राने घरं बांधायचा) १०२४ घरं झाली, ती मालकीने द्यायची होती. ही भाड्याची आहेत. बैठकीत हा फरक आधी सांगा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

१९१८ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरचा नगररचना अहवाल दिला, तो गल्लोगल्ली पायी फिरून. दिवाळीची मिरवणूक काढली तर ज्या रस्त्यांवर लोकांनी घरं, अंगणं सर्वांत स्वच्छ केली, तिथून ती नेली. तुम्हीही मागणी करा की निर्णयाआधी एकदा भर पावसात जागेची पाहणी करा. ते तळं नकाशात दिसणार नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पाण्याचा मुद्दा अगदी रास्त आहे, तो पहिल्या परिच्छेदात घेतला: वेगळी टाकी, वेगळी ड्रेनेज लाइन, आणि ती घरांच्या आधी.

काल पत्राचा मसुदा ताईंना वाचून दाखवला. मला वाटलं त्या भाड्याच्या रकमेबद्दल बोलतील. त्यांनी विचारलं, भाडं कुठल्या तारखेला द्यायचं? त्यांना घरोघरचे पैसे सात ते दहा तारखेच्या दरम्यान मिळतात. एक तारखेला भाडं ठेवलं तर दर महिन्याला उशीर, आणि उशिराचा दंड. हे मला उभ्या जन्मात सुचलं नसतं. दुसरं त्यांनी सांगितलं, करारनामा बाईच्या नावावर व्हावा, नवऱ्याच्या नको. दोन्ही त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं आणि त्यांच्या नावाचं वेगळं पत्र केलं. सही त्यांनी स्वतः केली, सावकाश, दोन्ही प्रतींवर.

आता एकच अडचण. बैठक सकाळी अकराला, आणि त्या वेळी ताई तिसऱ्या घरी भांडी घासत असतात. त्यांच्यासारख्या सगळ्याच कामावर असतात. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा असं लिहायचंय. ही मागणी त्याच पत्रात घालू, की आधी वेगळा अर्ज देऊन आवक क्रमांक घेऊ? मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिथे जायची माझी तयारी आहे. सोमवार रात्रीपर्यंत कुणी सांगितलं तर फार बरं होईल.