पर्सी जॅक्सनचा तिसरा भाग ११ वर्षांच्या भाचीला द्यावा का? रडवणाऱ्या जागा कुठल्या?

ठाण्याची_मावशी
भाचीने पर्सी जॅक्सनचे (ग्रीक देवांच्या मुलांच्या साहसांची इंग्रजी पुस्तकमालिका) पहिले दोन भाग शाळेच्या लायब्ररीतून आणून संपवले. तिसरा, 'द टायटन्स कर्स', लायब्ररीत नाही म्हणून माझ्या मागे लागली आहे. पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे, तेव्हा तोच द्यायचा विचार होता. पण गेल्या श्रावणात तिची आजी, म्हणजे माझी आई, गेली. दोघी एकाच खोलीत झोपायच्या. तेव्हापासून पोर फार बोलत नाही, रात्री दिवा चालू ठेवून वाचत बसते. ताईने कुठूनतरी ऐकलंय की तिसऱ्यात जवळची माणसं मरतात, म्हणून ती नको म्हणते. मी फक्त पहिला भाग वाचलाय.
तर सांगा, द्यावं का? आणि नेमकं कुठे लागतं? रसभंग चालेल, मला तोच हवाय. बजेट ४००, एकच पुस्तक. सेट नको.

नीलकंठ७९
पाच पुस्तकांचा सेटच घ्या. सुटी घेतली की प्रत्येकाचं कव्हर वेगळं येतं आणि कपाटात बघवत नाही. मी मुलासाठी खोक्यासकट घेतला, कागद चांगला आहे, शिलाई अजून घट्ट आहे. नंतर 'हीरोज ऑफ ऑलिंपस'चाही पाचांचा घेतला. चारशेत आजकाल काय येतं? थोडं वाढवा बजेट.

ठाण्याची_मावशी
सेट नकोय हो. तिला एकेक पुस्तक हातात पडलेलं आवडतं.

चाफा_दुपारचा
द्यावं की नाही ते तुम्ही ठरवा, जागा मी सांगते. बियांका आणि निको ही सख्खी भावंडं, ती १२ ची, तो १०चा. आईबाप जवळ नाहीत, मोठं काय ते एकमेकांनीच केलेलं. बियांका शिकारीची देवी आर्टेमिस हिच्या शिकारी मुलींमध्ये सामील होते आणि मोहिमेवर निघते. निको पर्सीकडून वचन घेतो की तिला सांभाळशील.
वाटेत देवांनी टाकून दिलेल्या भंगाराचं मैदान लागतं. तिथल्या कशालाही हात लावायचा नाही असं बजावलेलं असतं. निकोला एका खेळातल्या देवांच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद, आणि त्याच्याकडे फक्त मृतांच्या देवाची, हेडीसची नसते. ती बियांकाला त्या ढिगाऱ्यात दिसते. ती उचलते आणि टेलोस नावाचा अवाढव्य धातूचा पुतळा जागा होतो. मग बाकीच्यांना वाचवायला ती स्वतःच त्याच्या पायातल्या झडपेतून आत शिरते. जायच्या आधी मूर्ती पर्सीच्या हातात देते, निकोला दे म्हणून. ती परत येत नाही.
खरं लागतं ते शेवटी. पर्सी मूर्ती घेऊन निकोसमोर उभा राहतो आणि तो १० वर्षांचा मुलगा ती भिरकावून देतो. तू वचन दिलं होतंस, म्हणतो. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

रेवदंडा_लोकल
तिसरं घ्या, पण सिग्नलवरून किंवा फुटपाथवरून घेऊ नका! माझ्या प्रतीत शेवटाकडची पानंच नव्हती आणि मधली दोनदा बांधलेली. झोई, म्हणजे त्या शिकारी मुलींची म्होरकी, गेली हे मला पुढच्या भागात कोणीतरी सहज उल्लेख केला तेव्हा कळलं. इतकी चीड आली होती. शंभर रुपये वाचवले आणि मालिकेतलं सगळ्यात सुंदर पान गेलं. नंतर मित्राकडून आणून वाचलं. आर्टेमिस तिला आकाशात नेऊन तारे करते. दोन हजार वर्षांहून जास्त सोबत केलेली मैत्रीण आहे ती.

हेमाडपंती
झोई मूळ ग्रीक कथांत नाही, ती लेखक रिक रायर्डन यांची निर्मिती. मुळात हेस्परिडीस म्हणजे सोनेरी सफरचंदांच्या बागेच्या राखणदार कन्या, आणि हेराक्लीस ती सफरचंदं न्यायला येतो. लेखकाने त्यांच्यात आणखी एक बहीण कल्पिली, जिने त्याला मदत केली आणि जिचं श्रेय कोणी दिलं नाही. पर्सीची तलवार मुळात तिची. टेलोस मात्र खराच पुराणातला, क्रीट बेटाभोवती फेऱ्या मारणारा कांस्याचा राक्षस. घोट्यातला खिळा काढल्यावर त्याचं जीवद्रव्य वाहून गेलं अशी कथा आहे. बियांका पायातूनच आत जाते, ते उगाच नाही. मुलीला आधी मूळ कथा द्या, मग हे जास्त कळेल.

रेवदंडा_लोकल
११ वर्षांच्या मुलीला आधी मूळ कथा कशाला? ती गोष्टीसाठी वाचतेय. मला मूळ कथा या पुस्तकांमुळे कळल्या, उलट नाही.

ओंकार_अकरावी
तिसऱ्यापेक्षा पाचवा दसपट रडवतो, मी सगळी मालिका वाचली आहे. पर्सीच्या ओळखीचे बेकनडॉर्फ, सिलेना, मग ल्यूक, एकेक जातात. सिलेना मैत्रीण क्लॅरिसचं चिलखत घालून ड्रॅकन नावाच्या महासर्पासमोर जाते. आणि ज्यांनी नंतरची 'ट्रायल्स ऑफ अपोलो' वाचली त्यांना विचारा. २०१८ च्या 'द बर्निंग मेझ'मध्ये जेसन

सायली_पान१४०
अरे थांब! मी त्याच मालिकेचा दुसरा भाग वाचतेय. मावशींनी तिसऱ्या भागाचा रसभंग मागितला होता, सगळ्या विश्वाचा नाही. माझी इतक्या महिन्यांची उत्सुकता गेली.

ओंकार_अकरावी
धाग्याच्या नावातच रडवणाऱ्या जागा लिहिलंय, मग येता कशाला?

चाफा_दुपारचा
भांडू नका. पाचव्यातली ल्यूकची आई मात्र मलाही विसरता येत नाही. मे कॅस्टेलन. ऑरॅकल, म्हणजे भविष्य सांगणारी, व्हायला गेली आणि मन कायमचं भरकटलं. मुलगा केव्हाच घर सोडून गेलाय, आणि ती अजून रोज त्याच्यासाठी जेवण करते. बिस्किटं करपलेली, सँडविच डब्यांत भरून ठेवलेली, एकावर एक. पर्सी आणि निको दारात येतात तर तिला वाटतं ल्यूकच आला. तिथे तलवार नाही, राक्षस नाही, फक्त स्वयंपाकघर आहे. ताईंनी पाचवं आधी स्वतः वाचावं असं मला वाटतं.

शाळेतल्या_बाई
मी पाचवी ते सातवीला शिकवते, म्हणून दोन शब्द. दुःखात असलेल्या मुलांना दुःखाची गोष्ट वाईट करत नाही, ती एकट्याने वाचायला लागणं जड जातं. पुस्तक द्या, पण रात्री झोपताना नको, दुपारी द्या. घरात कोणीतरी तेच पुस्तक वाचलेलं असावं, म्हणजे ती बोलली तर उत्तर देता येईल. आणि आधीच सांगून ठेवा की यात एका मुलाची बहीण जाते. अचानक आलं तर धक्का बसतो.

नीलकंठ७९
बाईंशी सहमत. म्हणूनच सेट घ्या, घरात सगळेच वाचतील. आमच्याकडे मिसेसनीही वाचला.

जुई_अटलांटा
मी इथे मुलांबरोबर गाडीत ऑडिओबुक ऐकते, तेच करा. पण मला बॉबबद्दल लिहायचंय, कारण आजी-आजोबांची आठवण निघाली आहे. बॉब म्हणजे आयापेटस हा टायटन, देवांच्याही आधीच्या पिढीतला. लीथी नदीच्या पाण्याने त्याची स्मृती पुसली गेली आणि पर्सीने त्याला बॉब हे साधं नाव दिलं. २०१३ च्या 'हाउस ऑफ हेडीस'मध्ये तो टार्टारसमध्ये, म्हणजे पाताळाच्याही खालच्या खोल जागी, पर्सी आणि त्याची मैत्रीण अ‍ॅनाबेथसाठी थांबतो, जेणेकरून ते दोघे वर जाऊ शकतील. तो मागतो एवढंच, की सूर्याला आणि ताऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आणि पर्सी वर आल्यावर तो सांगतो.
आता वंशावळ बघा. आयापेटसचा मुलगा अ‍ॅटलस, अ‍ॅटलसची मुलगी झोई. म्हणजे बॉब झोईचा आजोबा, आणि झोई ताऱ्यांत आहे. दुसऱ्यांदा ऐकताना हे लक्षात आलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

हेमाडपंती
वंशावळ बरोबर आहे. आयापेटस हा अ‍ॅटलस आणि प्रोमिथियस दोघांचा बाप. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, फार छान.

ओंकार_अकरावी
मग सरळ 'हाउस ऑफ हेडीस' द्या ना मावशी.

शाळेतल्या_बाई
तो त्या दुसऱ्या, 'हीरोज ऑफ ऑलिंपस' मालिकेतला चौथा भाग आहे, एकदम मधून कसा द्यायचा?

पापलेट_फ्राय
पुस्तकापेक्षा टीव्हीची मालिका दाखवा, २०२३ च्या डिसेंबरात आली, पहिला सीझन छान जमलाय. २०१० चा सिनेमा मात्र नको, त्यात मुलांना उगाच मोठं करून टाकलंय.

ठाण्याची_मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरं आणलं, दुकानातून, पावतीसकट, बजेटमध्ये बसलं. शेवटची पानं तिथेच उघडून पाहिली, सगळी आहेत. चाफाताईंच्या प्रतिसादानंतर परवा रात्री मी ते स्वतः वाचून काढलं.
बाई, तुमचा सल्ला मोलाचा आहे, पण एक गोष्ट मी करणार नाही. तिला आधी काहीही सांगणार नाही. आई आजारी असताना आम्ही सगळ्यांनी तिला रोज तयार करायचा प्रयत्न केला. आजीला बरं नाहीये, समजून घे, शहाणी ना तू. आणि आई गेल्यावर ती शहाण्यासारखीच वागली. चिडली नाही, ओरडली नाही, आम्हीही तिला चिडू दिलं नाही. निको मूर्ती फेकतो ते पान मी दोनदा वाचलं. ते तिला तिचं तिला सापडू दे. आधी कोणी समजावलं तर ते पुन्हा शहाणपणाचंच होईल. वाचून झाल्यावर तिला बोलायचं असेल तर मी आहे, ताईही आहे. ताईला अजून पटलेलं नाही, तिच्याशी मी बोलते.
देणार मात्र सकाळीच, रात्री नको हे तेवढं तुमचं ऐकलं.
चौथ्या भागात काय आहे? ती दोन-तीन दिवसांत संपवेल हे.

चाफा_दुपारचा
चौथा 'द बॅटल ऑफ द लॅबिरिंथ', २००८ चा. त्यात निको बहिणीला परत आणायच्या मागे लागतो. आपल्याकडे पितरांना पान वाढतात तसं खड्ड्यात खाणं-पिणं ओतून मृतांना बोलावतो. बियांका येते, पण त्याच्याबरोबर परत यायला नाही म्हणते. मनात राग धरून बसू नकोस, आपण हेडीसची मुलं, आणि त्याच्या मुलांचा तोच घातक दोष आहे, असं सांगते. तिसऱ्यातलं मूर्ती फेकणं तिथे पुरं होतं. त्यामुळे तिसरं दिलंत तर चौथं फार लांबवू नका.

नीलकंठ७९
म्हणजे पाचही लागणारच. सेटवर सध्या सूट आहे, बघा.

ठाण्याची_मावशी
चौथंही सुटंच घेणार आहे, नीलकंठ. पण या वेळी दोन प्रती, एक ताईसाठी.