एनर्जी शील्डला काय म्हणायचं? ढाल, कवच की पदर

टिळकवाडीहून प्रश्न
आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून लढाई मांडतात. खेळ वॉरहॅमर 40,000, मूळचा ब्रिटनमधला, 1987 सालचा. बोटाएवढे सैनिक, इंचपट्टी आणि मूठभर फासे. पुतण्यासाठी नियमांची दोन पानं मराठीत उतरवायला बसलो आणि ‘एनर्जी शील्ड’पाशी, म्हणजे सैनिकाला राखणाऱ्या ऊर्जेच्या संरक्षणापाशी अडलो. ‘ऊर्जाढाल’ लिहिलं तर तो विचारतो, “काका, कुणाला मिळाली?” त्याच्या डोक्यात ढाल म्हणजे वक्तृत्व स्पर्धेची फिरती ढाल, शाळेच्या काचेच्या कपाटातली. ‘ऊर्जाक्षेत्र’ लिहिलं तर पेपरातली बातमी वाटते, अमुक कोटींच्या गुंतवणुकीची. काय लिहू?

निपाणीहून
ढाल नकोच. ढाल हातात धरतात, वार येईल तिकडे फिरवतात, म्हणून तर आपण ‘ढाल पुढे करतो’. जुन्या मराठीत ढाल म्हणजे मोठं निशाणही होतं. ते वाहणारा हत्ती तो ढालगज, आणि तिथूनच आपली ढालगज भवानी. (ही आमच्या गल्लीतही एक आहे, पण ते असो.) तुमची शील्ड कुणी हातात धरत नाही. कवच लिहा.

टिळकवाडी
एक अपवाद आहे. स्टॉर्म शील्ड नावाची चीज सैनिक खरोखरच हातात धरतो. तिला ढाल म्हणायला माझी हरकत नाही. बाकीच्यांचं काय?

खानापूरहून
आधी खेळात ती वस्तू करते काय, ते सांगा. वस्तू कशाची बनली आहे यावर नाव ठेवू नका, ती फाशावर कशी वागते त्यावर ठेवा.

टिळकवाडी
संरक्षणाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली अंगावरची धातूची: 3 किंवा जास्त पडले की सैनिक वाचला. पण समोरचं शस्त्र भेदक असेल तर ही मर्यादा सरकते. भेदकता वजा 3 असेल तर थेट 6च लागतात. दुसरी एनर्जी शील्डची, म्हणजेच एनर्जी फील्डची, तिला ‘इनव्हल्नरेबल सेव्ह’ (अभेद्य बचाव) म्हणतात. तिथं 4 लागत असतील तर 4च. पिस्तूल असो नाहीतर रणगाडा उडवणारी तोफ, फासा तोच. गेल्या रविवारी पुतण्याचा सेनापती तोफेसमोर उभा होता. चिलखतावर वाचायची सोयच नव्हती, फील्डवर पाच पडले आणि पोरगं खुर्चीवर उभं राहिलं.

खानापूरहून
मग शब्द तुमच्या उत्तरातच आहेत की! पहिलं चिलखत. ते अंगावर चढवतात, त्याला भोक पडतं. दुसरं कवच. कर्णाचं कवच आठवा: ते कसलं आहे आणि बाण केवढा आहे, हे कुणी विचारत नाही. कवच नावाची स्तोत्रं असतात तीही अशीच, डोकं, डोळे, खांदे एकेक अवयव राखत जाणारी. रामरक्षा स्वतःला वज्रपंजर म्हणवते. दिसत नाही, पण चहूबाजूंनी आहे. तुमचं फील्ड हेच. आणि कवचालाही न जुमानणारं शस्त्र खेळात असेलच, त्याला इंद्र म्हणा.

उद्यमबागहून
मी वेल्डर आहे. हा खेळ कधी बघितला नाही, तरी बोलतो. आमच्यात दोन शील्ड असतात. एक तोंडासमोर धरायची काळ्या काचेची. दुसरी गॅसची. सीओटू वेल्डिंगमध्ये नोजलमधून गॅस सुटतो आणि वितळलेल्या धातूला बाहेरची हवा लागू देत नाही. डोळ्याला काही दिसत नाही. पण शेडचं दार उघडं राहिलं आणि वारा आला की गॅस उडतो, टाक्यात बारीक भोकं पडतात, आणि सगळं घासून पुन्हा करावं लागतं. आम्ही म्हणतो, “आडोसा धर की रे.” त्या गॅससारखं काही असेल तर कवच हा शब्द मला जड वाटतो. ‘आवरण’ बरं.

टिळकवाडी
दादा, आवरण तुमच्या गॅसला चपखल बसतं. खेळात मात्र वाऱ्यानं उडणारी शील्ड नाही. तिसरी एक आहे, तिचं अजून सांगितलं नाही. टायटन म्हणजे इमारतीएवढी चालती यंत्रं. त्यांच्यावर व्हॉइड शील्ड असतात, एकावर एक. याच विश्वातल्या एपिक या छोट्या सोंगट्यांच्या खेळात वॉरहाउंड जातीच्या टायटनला दोन, रीव्हरला चार, वॉरलॉर्डला सहा. गोळा लागला की एक शील्ड पडते. सगळ्या पडल्याशिवाय यंत्राच्या पत्र्याला धक्का नाही. मी ‘पडदे’ लिहिणार होतो. पण ‘पडदा पडला’ म्हटलं की नाटकच संपलं.

शहापूरहून
माझा कन्नड मित्र टेबलाच्या पलीकडे बसतो. ढालीला तो ‘गुराणी’ म्हणतो, ते आमच्या पोरांना कळत नाही. कवच मात्र त्यालाही कवच आणि आम्हालाही कवच. फासा टाकताना दोघं एकच ओरडतो, भाषांतर लागत नाही. म्हणून माझं मत कवचाला. व्हॉइड शील्डचं तुम्ही बघा.

निपाणीहून
त्याला पदर म्हणा. चपातीला पदर सुटतात, दोरी तीनपदरी असते. वॉरलॉर्ड सहापदरी. गोळा लागला, एक पदर गेला, पाच उरले. मोजायलाही सोपं.

टिळकवाडी
काल रात्री बायकोला विचारलं. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, “पदर गेला काय म्हणताय, पदर सुटला म्हणा.” मग एक चपाती तव्यावरून काढली, दोन्ही तळव्यांत दाबली आणि वाफेसकट तिचे पदर उलगडून दाखवले. तीन निघाले. “हा तुमचा तीनवाला टायटन.” तीनवाला टायटन माझ्या माहितीत नाही, हे तिला सांगायचं मी टाळलं.

पानावर आता असं आहे: चिलखत, कवच, पदर, हातात धरायची ती ढाल. अडलंय फक्त क्रियापदावर. पडलेली व्हॉइड शील्ड टायटनला नंतर परत उभी करता येते. मी ‘पदर घेतला’ लिहिलं, तर पुतण्या खो खो हसतोय. म्हणतो, टायटन काय हळदीकुंकवाला चाललाय?

खानापूरहून
‘चढवला’ लिहा. पुट चढवतात तसा.