बाबांच्या छातीच्या सीटीत गाठ निघाली, मोठ्या डॉक्टरची तारीख लांब आहे, तोवर काय करावं?

जागली_दारव्हा
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका, खेड्यात राहतो. बाबा ६१ वर्षांचे. खोकला पोळ्यापासून आहे पण रानडुकरं अन् रोही वावरात शिरतात म्हणून ते रात्री जागलीला जातात, तिथं शेकोटी असते, तर धुराचा खोकला आहे असंच ते म्हणत राहिले आणि आम्हालाही ते पटत गेलं. तरुणपणापासून बिडी, आता बिडी कमी झाली पण खर्रा चालूच. वजन उतरलेलं दिसलं तेव्हा आईनं मागं लागून दवाखान्यात पाठवलं. एक्सरेत वरच्या बाजूला पांढरं दिसलं म्हणून यवतमाळला सीटी केला आणि रिपोर्ट थेट माझ्या मोबाईलवर पीडीएफ आला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात १४ मिमीची गाठ, कडा स्पिक्युलेटेड, खाली लिहिलंय ग्रॅन्युलोमा (टीबीसारख्या आजारानं होणारी सुजेची गाठ) किंवा निओप्लास्टिक (पेशींची नवी वाढ, कॅन्सरही असू शकते अशी), हिस्टोपॅथॉलॉजी (तुकडा काढून तपासणी) करून खात्री करा. आमच्या डॉक्टरनं एवढंच सांगितलं की नागपूरला छातीच्या डॉक्टरला दाखवा, आणि तिथली तारीख मिळाली ती पुढच्या महिन्यातली.

आता रात्रीची लाईन असते तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला जातो तर मोटर चालू करून बांधावर बसतो आणि एकेक शब्द गूगलवर टाकत बसतो, दर वेळी शेवटी कॅन्सरच येते. झोप गेलीच. बाबांना मी फक्त कफ जमलाय म्हणून सांगितलं आहे, आईला संशय आहे. मामा म्हणतात तारखेची वाट पाहू नको, एक झाडपाल्याचं औषध देणारा आहे त्याच्याकडे नेऊ. घरात कापूस पडून आहे, भाव वाढायची वाट पाहत थांबलो होतो, तो आत्ताच विकून पैसा मोकळा करावा का तेही समजत नाही. आणि मुख्य म्हणजे बाबांना खरं सांगू का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

फिल्मवाला
भाऊ, मी सीटीच्या मशीनवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढ्या हिशोबानं वाचा.

रिपोर्टच्या खाली जे 'हे किंवा ते' लिहितात तो निकाल नसतो, ती शंकांची यादी असते. लिहिणाऱ्या डॉक्टरसमोर फक्त चित्र असते, तुमचे बाबा नसतात, त्यांचा खोकला नसतो, जुने कागद नसतात. ३ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला नोड्यूल म्हणतात, त्याच्या वर मास. तुमची दीड सेंटीमीटरच्याही आत आहे. स्पिक्युलेटेड म्हणजे कडा गुळगुळीत नाही, बारीक रेघा बाहेर निघालेल्या. त्यानं संशय वाढतो हे खरं आहे, खोटं कशाला सांगू, त्यात बिडीही आहे. पण टीबीचा जुना व्रणही असाच दिसू शकतो, आणि आपल्याकडं टीबी काही कमी नाही. नुसत्या चित्रावरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून तर तुकडा काढून तपासा असं लिहिलंय.

आता कामाचं. बाबांचा कधीचा जुना एक्सरे घरात आहे का? टीबी, न्यूमोनिया, कुठलं ऑपरेशन, पडले झडले, कशाहीसाठी काढलेला. पेटीत, कोठीत, देवाच्या फोटोमागं, कुठंही असतात हे. सगळं उपसून शोधा. गाठ जर दोन वर्षांपूर्वीही तेवढीच होती असं दिसलं तर डॉक्टरचा सगळा विचार बदलतो, कारण कॅन्सरची अशी घट्ट गाठ सहसा इतके दिवस आहे तशी राहत नाही. आणि आधी तिथं काहीच नव्हतं हेही त्यांना पाहिजेच असते. मात्र लहान गाठ साध्या एक्सरेत दिसेलच असं नाही, म्हणून स्वतः उजेडात धरून निष्कर्ष काढत बसू नका.

दुसरं, सेंटरवर जाऊन सीडी मागा, फिल्म अन् रिपोर्ट दोन्ही असले तरी मागा. मोठे डॉक्टर कॉम्प्युटरवर एकेक काप सरकवत पाहतात. लोक फिल्मचा मोबाईलवर फोटो काढून आणतात, त्यात आमच्या टेबलावरच्या ट्यूबलाईटशिवाय काही दिसत नाही. सीडी नसली की मग पुन्हा सीटी करा म्हणतात, पुन्हा पैसा.

तूरवाला_वाशिम
भाऊ माह्या मते बुढ्याले सध्या काई सांगू नका. पक्कं माहीतच नाई त सांगता काय? आमच्या गावात एकाले असंच अर्धवट सांगतलं होतं, मानूस जेवाचाच बंद झाला, अन् नंतर टीबी निंगाला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता बैलजोडी हाकते. अन् गावात त बिलकुल बोलू नका, येक जन इचारून गेला का दुसरा येते, पाहुनेरावळे येतात, बसतात, चहा पितात अन् कोनाचा काका कसा गेला ते सांगून जातात. तुमच्या आईनं कोनाकोनाले चहा करावा?

झाडपाल्याच्या नादी लागू नका राजेहो. मामाले म्हना तारीख होऊ द्या, मंग पाहू. मामा हाय, तोंडावर नाई म्हनता येत नाई, हे मले समजते.

कापूस घाईत सगळा काढू नका. जान्यायेन्यापुरता, तपासन्यापुरता इका, बाकी राहू द्या. व्यापाऱ्याले वास लागला का यायले दवाखान्यासाठी पैसा पाह्यजे त भाव पाडूनच मागते तो, काटा करतानी घरचं काई बोलू नका.

सिस्टर_वर्धा
कापसाचं तूरवाला भाऊंचं बरोबर आहे पण बाबांना न सांगण्याचं मला अजिबात पटलं नाही. वॉर्डात बारा-पंधरा वर्षं काढली. पेशंटला सगळं समजते हो. पोरगा फोन घेऊन अंगणात जातो, बाई आत डोळे पुसते, हे काय त्यांना दिसत नाही? मग ते एकटेच आतल्या आत काहीतरी धरून बसतात आणि ते खऱ्यापेक्षाही वाईट असते. शिवाय नागपूरला पोचल्यावर डॉक्टर त्यांनाच विचारणार, गाठीचा तुकडा काढायला सुई टाकायची झाली तर सही त्यांचीच घेणार, तेव्हा कळलं तर तिथंच बिथरतात, उठून चालायला लागलेले पाहिलेत मी. कॅन्सर हा शब्द तुम्ही सांगायची गरज नाही कारण तो अजून कोणीच म्हटलेला नाही. जेवढं माहीत आहे तेवढं सांगा. छातीत गाठ दिसली आहे, कशाची आहे ते समजलं नाही, ते समजायला नागपूरला जायचं आहे. बस.

आता तारखेपर्यंत रिकामं बसू नका. सगळ्यात आधी थुंकीची तपासणी. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सांगा, टीबीसाठीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट सरकारीत फुकट होते. सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्यानं चूळ भरून, खोल खोकून आतला बेडका द्यायचा, तोंडातली लाळ देतात लोक आणि मग रिपोर्ट काही कामाचा राहत नाही. खर्रा खाऊन तर मुळीच देऊ नका. निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं होत नाही, पण पॉझिटिव्ह आला तर छातीच्या डॉक्टरला मोठा धागा मिळते.

बाबांना बीपी शुगर हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते पहिलं सांगा, कारण सीटी लावून सुई टाकायची म्हटलं की ते पाहावंच लागते, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. पूर्वी कधी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या का, तेही आठवून ठेवा. बिडी आणि खर्रा आत्ताच सोडवा, गाठ कशाचीही निघो, सुई टाकताना अन् भूल देताना त्याचा फायदाच आहे.

योजनेचे कागद तयार ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारवर नाव सारखं आहे का ते आजच पाहा, एकावर वडिलांचं नाव वेगळं, दुसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, ऐन वेळी यातच दिवस जातात. सुरुवातीच्या सगळ्या तपासण्या योजनेत बसतातच असं नाही, म्हणून दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला आधी विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा.

आणि एक गोष्ट नीट वाचा. खोकल्यातून रक्त पडलं, दम लागून बोलता येईना, चेहरा किंवा मान सुजली, छातीत जोराचं दुखलं, तर तारीख-बिरीख विसरा, १०८ बोलवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तसं नसेल तर तुमच्या डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घ्या, त्यात स्पिक्युलेटेड आणि वजन उतरल्याचं स्पष्ट लिहायला सांगा, ती घेऊन ओपीडीत लवकरचा नंबर मिळते का विचारा. दर वेळी मिळते असं नाही पण विचारल्याशिवाय तर नाहीच. सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखानाही तुम्हाला नागपूरपेक्षा जवळ आहे, तिथंही छातीची ओपीडी आहे, तेही डोक्यात ठेवा.

अंगणवाडी_ताई
दादा, तुमच्या झोपेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या स्वतःच्या सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ निघाली होती, सीटीची तारीख मिळेपर्यंत मी दिवसभर पोरांना खिचडी वाटायची, आहार मोजायची, कोणाला कळू दिलं नाही, आणि रात्री तोच कागद काढून वाचायची, जसा काही रोज नवीन मजकूर येणार होता त्यात. माझी साधी रक्तवाहिन्यांची गाठ निघाली, हिमँजिओमा, तिला काही करावं लागत नाही. पण तुमचंही तसंच निघेल असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणाऱ्यांचा मला त्या वेळी फार राग यायचा. "काही नसते, उगीच घाबरतेस." अरे तुला काय माहीत?

मला एका गोष्टीनं फरक पडला. बहिणीला रिपोर्ट पाठवला आणि माझ्या मोबाईलमधून काढून टाकला. काही शंका आली की वहीत लिहायची, आणि संध्याकाळी एकदाच बहिणीला फोन करून तेवढं बोलायचं. तीच वही डॉक्टरसमोर उघडली, नाहीतर तिथं बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही आणि बाहेर आल्यावर सगळं आठवते. बांधावर मोटर चालू असताना फोन घरी ठेवता येत असेल तर पाहा, नाही जमत तर कोणाला तरी सोबत न्या. फारच जीव घाबरा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात, पैसे नाही लागत. मी एकदा लावला होता. समोरच्या बाईनं उपदेश केला नाही, ऐकून घेतलं.

जागली_दारव्हा
सगळ्यांचे आभार, खरंच. थोडं काय काय झालं ते सांगतो.

थुंकी देऊन आलो. बाबा एक दिवस खर्रा न खाता राहिले हीच मोठी गोष्ट, त्यानंतर पुन्हा मागू लागले, आईनं पुडीच चुलीत टाकली. रेशनकार्डावर बाबांच्या नावात चूक निघालीच, सिस्टर ताईंनी म्हटलं तशी, तलाठ्याकडं नाही तर तहसीलला जावं लागते म्हणे, सोमवारी जातो.

बाबांना सांगितलं. सिस्टर ताईंनी लिहिलं होतं जवळपास तेच वाक्य पाठ करून गेलो होतो, ते गोठ्यात गाईला ढेप देत होते. ऐकून घेतलं, ढेपेचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मंग इतक्या दिवसाचा तोंड लपवून काहून फिरून रायला?" मग विचारलं की नागपूरले जातानी एसटीनं जाचं का गाडी कराची, आणि गाडीले पैसे कायले घालवता म्हणून माझ्यावरच चिडले. नंतर आईला म्हणाले की मामाच्या औषधवाल्याकडं मी येत नाही. तो प्रश्न त्यांनीच मिटवला, मला बोलावं लागलं नाही. रात्री जागलीला मात्र ऐकत नाहीत, म्हणतात डुक्कर काय तारीख पाहून येते का. आता मी आणि चुलतभाऊ आळीपाळीनं जातो.

कापूस थोडाच काढला.

फिल्मवाला दादा, तुम्ही सांगितलेला जुना एक्सरे सापडला. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचा आहे, म्हणजे बहिणीच्या लग्नाच्या आधीचा, पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या सातबाराखाली होता. पण पावसाळ्यात ओल लागून फिल्म पाकिटाला चिकटली आहे, एका कोपऱ्यावर कागद बसला आहे. पाण्यात भिजवून सोडवू का? छातीचा भाग चांगला दिसते असं वाटते.

फिल्मवाला
भिजवू नका आणि ओढू तर अजिबात नका, वरचा थर कागदासोबत निघून येईल. पाकिटासकट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा, वर जड काही नको, गुंडाळी करू नका, उन्हात नको. कडेला बाबांचं नाव आणि तारीख छापलेली असते ती दिसते का तेवढं पाहा, नसेल दिसत तर ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर तारीख असेल, दोन्ही सोबत न्या. तुमच्या सीटीच्या सेंटरवर जाणार असाल सीडीसाठी, तर हा एक्सरे तिथल्या रेडिओलॉजिस्टला दाखवा आणि जुन्याशी तुलना करून रिपोर्टमध्ये दोन ओळी वाढवून द्याल का म्हणून विचारा. बरेच जण देतात. सकाळी गर्दीच्या आधी जा.