पहाटे उठून व्यायाम जमत नाहीये, वेळच बदलू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४३, राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टला. मध्यंतरी रुटीन तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, असं डॉक्टर म्हणाले. गोळी दिली नाहीये, व्यायाम करा, वजन उतरवा आणि तीन महिन्यांनी परत या एवढंच. आईला पन्नाशीत डायबेटिस झाला आणि तिचे पुढचे हाल मी बघितलेत त्यामुळे मी हे खरंच मनावर घेतलंय, आळस म्हणून विचारत नाहीये हे आधीच सांगते.

तर ज्याला विचारावं तो म्हणतो पहाटे उठ, पहाटेच्या व्यायामासारखं काही नाही. म्हणून पावणेपाचचा गजर लावून सव्वापाचला ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर चालायला जायला लागले, घरी येऊन थोडे सूर्यनमस्कार, मग सहापासून डबे, साडेसातला घर सोडायचं. लोकलमध्ये बसायला मिळालं तर ठीक नाहीतर ठाण्यापर्यंत उभं. संध्याकाळी घरी पोचायला पावणेआठ.

होतंय काय, पहाटे चालताना पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, अर्धा तास तर डोकंच जागं होत नाही, सूर्यनमस्कारात पुढे वाकताना कंबर इतकी धरते की हात घोट्याच्या खाली जातच नाहीत (हेच रविवारी दहा वाजता केलं तर आरामात जमिनीला टेकतात!). दुपारी अडीच-तीनला ऑफिसात डोळे मिटायला लागतात, स्क्रीनवरचे आकडे दोनदोनदा तपासावे लागतात आणि माझं काम अकाउंट्सचं आहे, तिथे ही झोप परवडणारी नाही. शनिवारी-रविवारी मग साडेआठपर्यंत झोप आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लवकर झोपा म्हणाल, तिथेच तर खरी अडचण आहे. आमच्याकडे जेवायला बसायलाच साडेनऊ वाजतात, सासूबाईंची मालिका संपल्यावर आणि नवरा आल्यावर. सगळ्यांची पानं उचलून, ओटा पुसून, विरजण लावून, उद्याची भाजी निवडून आडवं व्हायला साडेअकरा. म्हणजे झोप सव्वापाच तास. माझी पहाट माझ्या हातात नाहीये, ती घरच्या जेवणाच्या वेळेवर ठरते, आणि मला कुणी सल्ला देताना हे धरतच नाही.

जिमचं पण विचारून आले. जवळच्या जिममध्ये लेडीज बॅच आहे दुपारी बारा ते चार! नोकरी करणाऱ्या बाईने त्या वेळात कसं जायचं हे विचारलं तर म्हणे सकाळी-संध्याकाळी जनरल बॅचला या, तिथे गर्दी इतकी की मशीन मिळायला वाट बघायची.

प्रश्न असे: पहाटेची सवय लागायला शरीराला खरंच किती वेळ लागतो, की काही लोकांना ती लागतच नाही? शुगरसाठी सकाळच हवी असं काही आहे का? संध्याकाळी उशिरा व्यायाम केला तर झोप उडते म्हणतात ते कितपत खरं? आणि माझ्यासारख्या दिनक्रमात तुम्ही काय कराल? अनुभवी लोकांनी कृपया लिहा, डॉक्टर किंवा फिजिओ कोणी असाल तर फारच बरं.

टेकडीवाला

ताई, मी पुण्यात वेताळ टेकडीवर पहाटे जाणाऱ्यांतला, म्हणजे सकाळच्या पार्टीचा माणूस, तरी सांगतो की सव्वापाच तास झोपून पहाटे उठू नका. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच, आणि कमी झोपेने भूक वाढते आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणजे ज्या शुगरसाठी तुम्ही उठताय तिलाच त्रास.

सवयीचं म्हणाल तर गजर एकदम दीड तास मागे ओढला की असंच होतं. पंधरा मिनिटं मागे आणायचं, तीनचार दिवस तिथे थांबायचं, मग पुढची पंधरा, आणि झोपायची वेळ पण तेवढीच मागे. सुट्टीच्या दिवशी तासाभराच्या वर जास्त झोपायचं नाही, कारण शनिवार-रविवार साडेआठपर्यंत झोपलात की शरीराचं घड्याळ पुन्हा पुढे सरकतं आणि सोमवारी तो भोग येतो. दुसरं म्हणजे उजेड. हे घड्याळ सगळ्यात जास्त उजेडावर चालतं. आता जानेवारीत तुमच्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तुम्ही सव्वापाचला बाहेर पडता म्हणजे मिट्ट काळोखात दोन तास आधी! जूनच्या सुरुवातीला तोच सूर्य सहाला वर असतो. त्यामुळे पहाटेची सवय लावायची तर मार्चनंतर लावा, निम्मी लढाई तिथेच सोपी होते. आत्ता हट्ट करू नका, त्यात रस्त्यावर अंधार, कुत्री, एकटी बाई, तोही विचार आहेच.

आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर चहा घेता का? कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, साडेसहाचा कटिंग साडेअकराला अर्धा अंगात असतो.

फिजिओ_ठाणे

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून फक्त कमरेबद्दल आणि वेळेबद्दल लिहिते.

तुमची कंबर पहाटे धरते आणि दहाला धरत नाही यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंचीसुद्धा सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेल्या चकतीवर पुढे वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्यावर पहिल्या तासात ती फूग बरीच उतरते. म्हणून उठल्याउठल्या पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, खाली वाकून वजन उचलणं हे टाळायचं. तुम्ही आधी चालता ते बरोबरच आहे, फक्त सूर्यनमस्कार दिवसात नंतर ढकला. पाय बधिर होणं, कळ पायात उतरणं असं काही असेल तर मात्र कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, इथे विचारत बसू नका.

पाय जड वाटतात त्याचंही कारण आहे. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं आणि दुपार उलटून संध्याकाळ होताना सगळ्यात वर. स्नायूंची ताकद, लवचिकपणा हे त्याच्याबरोबर वरखाली होतं. त्यामुळे ताकदीचा व्यायाम संध्याकाळी बहुतेकांना सोपा जातो. नेमाने सकाळीच करत राहिलं तर हा फरक हळूहळू कमी होतो, म्हणजे सकाळ चुकीची असं नाही, पण वॉर्मअप दुप्पट वेळ लागतो हे धरून चाला.

संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते ही भीती थोडी जास्तच पसरलीय. अगदी धाप लागेल असा व्यायाम झोपायच्या आधीच्या तासाभरात नको, बाकी मध्यम व्यायामाने बहुतेकांची झोप बिघडत नाही. आठ ते साडेआठ केलंत आणि साडेदहाला झोपलात तर काही अडचण नाही.

ऑरेंजसिटी

नागपूरहून लिहितो. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पहाटेशिवाय दुसरा इलाजच नाही, साडेपाचलाच उजाडलेलं असतं, अंबाझरीला सातपर्यंत सगळे फिरून घरी. पण तेच लोक डिसेंबरात आठला नाहीतर संध्याकाळी येतात. वेळ वर्षभर एकच पाहिजे असं कोणी सांगितलं? थंडीत पहाटे हवा खाली साचून राहते, त्यात जागोजागी शेकोट्या, पालापाचोळा जाळलेला, सगळा धूर छातीत जातो. मला दम्याचा थोडा त्रास आहे म्हणून मी थंडीत ऊन पडल्याशिवाय बाहेर पडतच नाही. तुमच्याकडे तर एमआयडीसी पण आहे, थंडीतली पहाटेची हवा चांगली असते हे डोक्यातून काढा ताई.

दोनडबेवाली

अगं सेम! मी कल्याणची, ऑफिस परळला. मलाही प्री-डायबेटिसच निघालं होतं म्हणून सांगते, माझा सगळा फरक जेवणाने आणि जेवणानंतरच्या चालण्याने पडला. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतर जी शुगर उसळते ती कमी उसळते, स्नायू ती वापरून टाकतात. म्हणजे शुगरसाठी पहाटच हवी असं नाही, उलट जेवणानंतरची वेळ जास्त कामाची.

पण साडेनऊला जेवलीस तर चालणार कधी आणि झोपणार कधी. मी घरात सरळ सांगितलं की मी आल्यावर आठला जेवणार, तुम्ही तुमच्या वेळेला जेवा, पोळ्या डब्यात असतील, आपापलं पान वाढून घ्या आणि मागचं आवरा. पहिले काही दिवस चेहरे झाले. सगळ्यांनी एकत्र जेवायची पद्धत मोडली म्हणून सासरे बोलले पण. मी रिपोर्ट समोर ठेवला. आजारपण आल्यावर सगळे करतील गं, पण आत्ता अर्धा तास दे म्हटलं तर कुणाला पटत नाही, म्हणून ठामच राहायचं. मुलगा मोठा असेल तर ओटा तो पुसेल, विरजण नवरा लावेल, शिकायला पाच मिनिटं लागतात.

आणि एकदम पाऊण तास मिळत नाही म्हणून सोडू नकोस. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती २०२० मध्ये काढली. म्हणजे सीएसएमटीपासून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी न करता झपझप चाललीस तरी ते धरायचं. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा, पाच दिवस, इथेच १५० झाले बघ.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, कमरेचं वाचून फार हलकं वाटलं, मला वाटत होतं स्लिप डिस्कची सुरुवात आहे की काय. पायात कळ वगैरे नाहीये.

कालच घरी बोलले. दोनडबेवाली, तुझं वाचून धीर आला. सासूबाई आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या मलाही साडेनऊला खाऊन जळजळतंच, मी पण तुझ्याबरोबर आठला बसते, मालिका रात्री परत लागते ती बघेन. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं, इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी थांबत होतो असं निघालं. नवऱ्याने ओटा घेतलाय, विरजणाचं बघू.

आता असं ठरवतेय, चुकत असेल तर सांगा. पहाटेचा गजर मार्चपर्यंत बंद, साडेपाचला उठायचं. सीएसएमटी ते ऑफिस जाता-येता चालत. घरी आल्यावर आठला जेवण आणि मग सासूबाईंना घेऊन खालीच सोसायटीच्या आवारात पंधरा-वीस मिनिटं. साडेदहाला झोप. ताकदीचा व्यायाम शनिवारी आणि रविवारी सकाळी नऊला, सूर्यनमस्कार पण तेव्हाच. मार्चमध्ये उजेड लवकर आला की सकाळचं चालणं पंधरा पंधरा मिनिटांनी मागे आणून बघेन, कारण खरं सांगू तर पहाटेचा तो रिकामा रस्ता मला आवडतो, त्या वेळी मला कुणी हाक मारत नाही. तेवढ्यासाठी तरी सकाळ सोडायची नाहीये.

दोन शंका. सकाळी रिकाम्या पोटी चाललं तर चालेल का, की काही खाऊन जाऊ? आणि ताकदीचे दोन दिवस लागोपाठ आले तर चालतील का? घरी डंबेल्स नाहीत.

फिजिओ_ठाणे

प्लॅन चांगला आहे. तुम्हाला गोळी नाही त्यामुळे अर्धा-पाऊण तास चालणं रिकाम्या पोटी चालेल, पाणी पिऊन जा, गरगरतंय असं वाटलं तर एखादं केळं किंवा दोन खजूर खाऊन बघा. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

ताकदीचे दिवस लागोपाठ नकोत, त्याच स्नायूंना मध्ये एक दिवस तरी सुट्टी द्या. रविवार ठेवा आणि दुसरा बुधवार संध्याकाळ, जेवायच्या आधी वीस मिनिटं. डंबेल्स लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून पुशअप, आडवं झोपून कंबर वर उचलणं, आणि लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन खांद्याचे व्यायाम. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या. बाटल्या हलक्या वाटायला लागल्या की लिहा, पुढचं सांगते.

दोनडबेवाली

आणि चपलेवर चालू नकोस सीएसएमटीहून! बूट घालून जा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सँडल ठेव. मी तसंच करते.