परवाना आहे म्हणून बंदूक द्यायचीच का?

बागवाला

आमच्या आबांकडे बारा बोअरची एकनळी बंदूक आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, तीस वर्षं घरात. आबा आता ७६ वर्षांचे. रात्री माचावर बसून डुकरं राखणं कधीच सुटलंय. मी पुण्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा बंदूक २५ वर्षं बाळगून झाली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. पण मला ती नको. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तिला काय राखायचंय? म्हणून विकायचं ठरलं.

घेणारा वाडीतलाच. त्याचा परवाना खरा, मुदतीतला. आबांनी पोलीस ठाण्यात लेखी कळवलं: बंदूक विकतोय, घेणाऱ्याचं नाव हे, पत्ता हा. कायद्यातले ४५ दिवस उलटले, कुणाचीही हरकत आली नाही. पैसेही ठरलेत. आणि आता आबा म्हणतात, द्यायची नाही.

कारण असं. गेल्या शिमग्यात या माणसानं बांधाच्या वादातून चुलतभावावर कोयता उगारला. आबा पाच हातांवर उभे होते. तक्रार झाली नाही, गावकीत बसून मिटवलं. संध्याकाळी तो पितो, हेही सगळी वाडी जाणते. कागदावर मात्र माणूस स्वच्छ.

माझं मत स्पष्ट आहे. आबांचं बरोबर आहे. परवाना म्हणजे त्याला बंदूक बाळगता येते एवढंच. आबांनी ती त्यालाच दिली पाहिजे असं त्यावर कुठं लिहिलंय? उद्या काही झालं तर "सगळे कागद बरोबर होते" हे वाक्य आबा कुणाच्या दारात जाऊन बोलणार?

कलमवाला

तीव्र असहमत. आबांना विकायची सक्ती नाही, हे मान्य. पण तुम्ही जे करताय ते अर्धवट आहे. बंदूक घरात ठेवून तुम्ही स्वतःचे हात स्वच्छ ठेवले, त्या माणसाचा परवाना तसाच राहिला. तो उद्या दुकानात जाऊन दुसरी घेईल. मग त्या चुलतभावाला तुमच्या "नाही"चा उपयोग काय?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ खाली सार्वजनिक शांततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटलं तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे, आबांचा नाही. आबांनी डोळ्यांनी पाहिलंय ना? मग ते लिहून द्या. आणि लिहून द्यायची तयारी नसेल तर ठरलेला व्यवहार मोडू नका. मनात एक आणि कागदावर दुसरं, यानंच आपल्याकडची प्रत्येक पडताळणी पोकळ झाली आहे.

नाचणी

मी तिसरंच बोलणार आहे.

माझ्या वडिलांकडे परवाना होता. आमच्या रताळ्यांत आणि भातात रानडुकरं रात्रीत काय करायची ते ज्यानं सकाळी जाऊन बघितलंय त्यालाच कळेल, पीक राहू द्या, बांधसुद्धा उकरून टाकतात. गावात दोन म्हातारे आपापली बंदूक विकायला निघाले होते. दोघांनीही वडिलांना दिली नाही. एक म्हणाला, पोरगा घेईल बहुतेक. दुसरा तोंडावर म्हणाला, "तुमच्या वाडीत कशाला बंदूक?" आमची वाडी कुठली आणि तो असं का म्हणाला, ते इथे फोड करून सांगायची गरज नाही. शेवटी वडिलांनी कर्ज काढून शहरातल्या दुकानातून घेतली.

तेव्हा "माणूस बघून द्या" हे वाक्य मला गोड लागत नाही. गावात माणूस बघतात म्हणजे आधी आडनाव बघतात, मग भावकी, मग मागच्या निवडणुकीत कुणाच्या बाजूनं होता ते. सरकारी कागद आंधळा असतो म्हणून तुम्ही त्याला नावं ठेवता. तो आंधळा आहे म्हणूनच माझ्या वडिलांना परवाना मिळाला.

बागवाला

नाचणीताई, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. पण कोयता उगारला ही घडलेली गोष्ट आहे. त्याचं आडनाव आणि आमचं आडनाव एकच आहे. परका म्हणून नाकारत नाही, जवळून ओळखतो म्हणून नाकारतोय.

नाचणी

मला पटतं. पण आमच्या गावातल्या त्या म्हाताऱ्यालाही आपण जवळून ओळखतो असंच वाटत होतं. पाहिलेलं काय आणि वाटलेलं काय, हे वेगळं कोण काढणार?

निवृत्त हवालदार

ठाण्यात बसून असे अर्ज घेतले आहेत म्हणून चार शब्द.

४५ दिवसांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. तेवढ्यात हरकत आली नाही म्हणजे पोलिसांनी त्या माणसाला चांगला म्हटलं, असं नव्हे. आम्ही बघतो ते दप्तर: गुन्हा दाखल आहे का, अदखलपात्र नोंद आहे का, कुठली प्रतिबंधक कारवाई झाली का. गावकीत मिटलेलं भांडण दप्तरात येतच नाही. पोलीस पाटलानं सांगितलं तर कळतं, आणि पोलीस पाटलालाही त्याच गावात राहायचं असतं.

दुसरं, कायद्यानं विकणाऱ्याला अगदीच मोकळं सोडलेलं नाही. समोरच्याला शस्त्र बाळगायचा हक्क आहे याची खात्री न करता ते हातात देणं हा कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. खात्री म्हणजे झेरॉक्स बघणं नाही. मूळ परवाना हातात घ्या. मुदत बघा. त्यावर कुठल्या प्रकारचं शस्त्र मंजूर आहे ते वाचा. शेतीसंरक्षणासाठी कायद्यात पहिली आहे ती ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. ठासणीच्या परवान्यावर काडतुसाची बंदूक चालत नाही. मग नळीवरचा नंबर आणि आबांच्या परवान्यावरचा नंबर जुळवा, आणि आबांच्या परवान्यावरून बंदूक कमी झाल्याची नोंद होईपर्यंत पाठ सोडू नका.

सगळ्यात जास्त प्रकरणं कुठं फसलेली पाहिली, तर "घेऊन जा, कागद मागाहून करू" इथं. तेही कायम चांगल्या माणसांत. ओळखीचा आहे, डुकरं पडलीत, एक रात्र नेऊ दे. मग अंधारात झाडी हलली म्हणून बार काढला आणि झाडीत माणूस होता, की बंदूक एकाची, परवाना एकाचा आणि बोट तिसऱ्याचं. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो वाईट नव्हता हो. म्हणून मी कागदाच्या बाजूचा. माणसाची पारख कागदाच्या वर ठेवा, कागदाच्या जागी ठेवू नका.

ह्यूस्टनची वहिनी

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथलं चित्र बरोबर उलटं आहे म्हणून लिहिते.

दुकानातून बंदूक घ्यायची तर घेणाऱ्याला केंद्र सरकारचा फॉर्म ४४७३ भरून सही करावी लागते आणि त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. पण शेजाऱ्यानं शेजाऱ्याला स्वतःची बंदूक विकली तर या राज्यात तपासणीची सक्ती नाही. कॅलिफोर्नियात खासगी व्यवहारही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागतो, इथे नाही. समोरचा अपात्र आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला रास्त कारण असताना, विकणं गुन्हा आहे. म्हणजे मुख्य भार विकणाऱ्याच्या डोळ्यांवर. बरेच सज्जन लोक आपणहून दोन ओळींची विक्रीपावती करतात, ओळखपत्र बघतात. पण ती त्यांची मर्जी.

३१ ऑगस्ट २०१९ ला इथल्याच मिडलँड आणि ओडेसा या शहरांत एका माणसानं गाडीतून फिरत गोळीबार केला. सात जण गेले. २०१४ मध्ये तो तपासणीत नापास झाला होता, दुकानानं त्याला बंदूक दिली नव्हती. नंतर त्यानं ती खासगी माणसाकडून घेतली. विकणाऱ्यावर पुढे विनापरवाना धंदा केल्याचा खटला होऊन शिक्षा झाली, पण गेलेले सात जण गेले. आपल्याकडचे ४५ दिवस ज्यांना कटकट वाटतात त्यांना मी एवढंच सांगेन की इथे आम्ही ती कटकट मागतोय.

कलमवाला

वहिनींनी माझंच म्हणणं मांडलं. दुकानाचा नकार तिथेच राहिला, कारण पुढचा विकणारा आणि ती नोंद यांची गाठच पडली नाही. आबांचा नकारही नोंदीत आला नाही तर तेच होणार. बागवाले, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. लिहून देणार की नाही?

बागवाला

काल रात्री फोनवर आबांना सगळं वाचून दाखवलं. हवालदारसाहेबांचं ऐकून "बरोबर, बरोबर" करत होते. नाचणीताईंचं वाचलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो म्हातारा मीही असू शकलो असतो.

त्यांनी ठरवलंय असं. व्यवहार रद्द, घेतलेली इसाऱ्याची रक्कम परत. बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, पुढे विक्री झालीच तर तिथूनच. आणि शिमग्याचं ते लिहून देणार आहेत. आधी त्या माणसाच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर, मी हे लिहितोय असं त्याला सांगणार आणि मगच अर्ज देणार. मी म्हटलं, आबा, वाडीत वैर येईल. म्हणाले, गावकीत मिटवायला मीच पुढे होतो, तेव्हा हे मलाच निस्तरायला हवं.

मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. शनिवारी मी गावी जातोय, आबांना एकटं पाठवणार नाही.

कलमवाला

अर्जात तारीख, जागा, कोण हजर होतं आणि आबांनी स्वतः काय पाहिलं एवढंच लिहा. "पितो", "डोक्यानं तापट" असलं ऐकीव काही नको.

नाचणी

आणि त्याच्या शेताचं डुकरांनी काय केलंय तेही लिहा, ते आबांनी पाहिलं असेल तर. परवाना गेला तर त्याच्या पिकाची राखण कशी व्हायची, हेही त्या कार्यालयाला कुणीतरी विचारायला हवं.

बागवाला

पाहिलंय. लिहितो.