मदत हवी आहे: बाईकच्या इंजिन कव्हरच्या चिरेला कुठली इपॉक्सी पुट्टी लावू?

मंडळी, बाईक डाव्या बाजूला पडली आणि गिअर लिव्हरमागच्या इंजिन कव्हरला साधारण दोन इंचाची चीर गेली. कव्हर ॲल्युमिनियमचं आहे. ऑइल धो धो वाहत नाही पण रात्रभर उभी केली की सकाळी खाली रुपयाएवढा डाग असतो.

घरात नळाच्या जॉइंटला वापरलेली दोन रंगांची साधी पुट्टी होती, तीच मळून लावली, चार दिवस टिकली आणि मग पापुद्र्यासारखी अख्खी हातात आली, आतली बाजू ऑइलने चिकट. म्हणजे चूक माझीच, नुसतं फडक्याने पुसून लावली होती. आता ऑइल काढून, थिनरने धुवून, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच लावणार.

नवं कव्हर मागवलंय पण यायला तीन आठवडे आणि गाडी रोज लागते, त्यामुळे कव्हर उतरवून वेल्डिंगला देणं सध्या शक्य नाही.

तर स्टीलची पूड मिसळलेली पुट्टी घेऊ की ॲल्युमिनियमची? मळायची कांडी बरी की दोन ट्यूबवाली पातळ, चिरेत उतरणारी? आणि पाकिटावर 120 डिग्रीपर्यंत उष्णता सोसते असं लिहिलेलं असेल तर पुरेल, का 150 च्या वरचंच बघू?